बोक्यानं धरलेला उंदीर

आमच्याकडे दोन मांजरं होती आणि घर उंदरांनी भरलेलं होतं. ऐकणारा आधी हसतो. मीही हसत असे.

एक करडा बोका आणि एक पांढरी मांजर, दोघं एकाच वेताची. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, ती सुप्याच्या बाजारातून पदरात गुंडाळून आणली होती. तेव्हा त्या चालत होत्या. पुढे शुगरनं त्यांच्या पावलांतली जाण गेली. चुलीतला निखारा उडून पायावर पडला तर चटका कळत नसे, वास आल्यावर कळायचं. मग एका बाजूनं अंगावरून वारं गेलं आणि त्या खाटेला खिळल्या. त्यांच्याबरोबर मांजरांनीही खाट धरली. सकाळी त्यांच्या हातची दूध-भाकर खायची आणि दिवसभर त्यांच्या पायाशी लोळायचं.

माझं माहेर राजूरकडच्या डोंगरातलं. तिकडं मांजराला कुणी वाढत नाही. ते भाताच्या खाचरातून आपलं आपलं हिंडतं आणि पोट भरतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तेवढ्या वर्षांत आमच्या मांजरानं दुधाचं तोंड पाहिलं नसेल. त्यामुळे इथली मांजरं बघून मला नवल वाटायचं. मधल्या खोलीत बाजरीची पोती, मागच्या दाराला लागून कांद्याची चाळ, म्हणजे उंदरांना दोन्हीकडून वाट. बोका बिळासमोर दबा धरून बसायचा, शेपटीचं टोक हलवायचा, अगदी खऱ्या शिकाऱ्यासारखा. पण ते बीळ कधीच सोडून दिलेलं असायचं. उंदीर त्याच्या पाठीमागून यायचा, त्याच्याच वाटीतली भाकर कुरतडायचा आणि जायचा. एकदा चिचुंद्री चीं चीं करत अंगावर आली, तर हा गडी थेट फळीवर चढला. त्याला खाली काढायला मला स्टूल लावावं लागलं. पांढरीनं पालीवर उडी घेतली ती पिठाच्या परातीत पडली. पाल जिथल्या तिथं होती.

शेजारच्या मावशींनी एकदा पांढरीला उसनी नेली. त्यांच्याकडं शेंगांची पोती होती. दोन दिवसांनी काखोटीला मारून परत आल्या.

"घ्या तुमची पावनी," म्हणाल्या. "उंदरानं हिच्या म्होरून शेंगा नेल्या. ही बघत बसली. मला वाटलं, आता उठून वाट दाखवती का काय!"

"नवं घर हुतं. बुजली आसंल," आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या.

"बुजली? आख्खी साय खाल्ली की वो! साय खाताना न्हाई बुजली!"

"ल्हान हाय आजून."

"ल्हान? मानसात आसती तर नातवंडं खेळवली आसती तिनं."

मला हसू आवरेना म्हणून मी चुलीकडं तोंड केलं. आत्याबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मावशी जाताना सांगून गेल्या, "दूध बंद करा. उपाशी ठेवा चार दिस. मग बघा कसं धरत्यात."

हे सगळेच सांगायचे. आमच्याकडं रीतच आहे, नवं धान्य घरात आलं की मांजराचं वाढणं बंद करतात. पण आत्याबाई कधी ऐकल्या नाहीत. तरुणपणी दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या होत्या. मला एकदाच म्हणाल्या, "उपाशीपोटी काम चांगलं हुतं आसं ज्यो म्हनतो, त्यो कवा उपाशी ऱ्हायला न्हाई." त्यानंतर मी त्यांना दूध बंद करायचं विचारलं नाही.

ती सकाळ मला विसरता येत नाही. मी चहाचं आधण ठेवून त्यांच्या अंगावरची वाकळ काढायला गेले. आत्याबाई जाग्या होत्या. वाकळीच्या टोकाला काळपट डाग होता. मला वाटलं, चहा सांडला असेल. वाकळ उचलली तर डाव्या पायाच्या अंगठ्याचं टोक नव्हतं. कुरतडलेलं. कडा उंदरानं खाल्लेल्या भाकरीच्या कडांसारख्या, बारीक दातांच्या. आणि उजव्या पावलावर हनुवटी टेकून बोका झोपलेला.

"चहा झाला का गं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मी बोलायला कच्ची. मी बाहेर जाऊन मालकांना हाताला धरून आत आणलं. मालक सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत, तेव्हा नुकतेच रात्रपाळी करून आले होते, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. त्यांनी पाय पाहिला. मग बोक्याला मानेला धरून उचललं.

"पहारा करतो व्हय रं? तुझ्या म्होरं आईचा पाय खाल्ला आन् तू झोपतो?"

"त्याला काय करतो?" आत्याबाई म्हणाल्या. "मलाच न्हाई कळलं, त्याला काय कळनार?"

आत्याबाईंना नगरला नेलं. डॉक्टरांनी अंगठा काढला. मालकांना बाजूला घेऊन सांगितलं की शुगरच्या माणसाची जखम भरत नाही. पुन्हा जखम झाली तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि या वयात ते झेपेलच असं नाही. मी दाराशी उभी होते, मला ऐकू आलं. परत येताना गाडीत आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" मालक म्हणाले, "पायाला जपा म्हनला." त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. पाय राखायचा.

मालकांनी उंदराच्या औषधाचं पाकीट आणलं. आमच्याकडं त्याचं नाव घरात काढत नाहीत. उंदराला माणसाचं बोलणं कळतं, औषधाचं नाव ऐकलं की तो त्याला शिवत नाही, असं सगळी जुनी माणसं मानतात. मी आजवर कुणाला मोठ्यानं नाव घेताना ऐकलं नाही. मालक कंपनीत मशीन चालवतात, पण तेही पाकीट खिशात ठेवूनच आईजवळ बसले आणि हळू म्हणाले, "पावन्यांना जेवान घालावं म्हनतो."

पूर्वी दोनदा आत्याबाईंनी नाही म्हटलं होतं, मांजरांपायी. औषध खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही जातं. आणि मांजर मेलं तर त्या पापाला काशीला जावं लागतं.

"मांजरं बांधून ठेवू का?" मी विचारलं.

"बांधतीस कशाला," त्या म्हणाल्या. पायाच्या पट्टीकडं बघत होत्या. "ती कुठं उंदराच्या वाटंला जात्यात? त्यांना काय धरता येतंय? घाला जेवान."

इतकी वर्षं त्यांनी मांजरांची बाजू घेतली होती. ल्हान हायती, बुजल्यात, आज पाऊस हाय म्हनून. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मान्य केलं. मालक हसले, "हे मातर खरं बोललीस म्हातारे." मीही मान डोलावली. आम्हां तिघांनाही ते पटलं. ज्या मांजराला साधा उंदीर धरता येत नाही, त्याला कसली भीती?

मालकांनी बाजरीच्या पिठात तेल घालून, कुणी काही न बोलता, गोळ्या केल्या आणि पोत्यांमागं, चाळीच्या कडेनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चाळीत दोन उंदीर मरून पडले होते. मी ते लांब ओढ्याकडं नेऊन पुरले. मला बरं वाटलं.

तिसऱ्या प्रहरी मी चाळीत सडके कांदे निवडत होते. आतून आत्याबाईंची हाक आली. वारं गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता.

"अगं ये! ये लवकर! धरला! ह्यानं धरला!"

मला आधी पायच आठवला. हातातले कांदे टाकून पळाले. दारातून पाहिलं तर आत्याबाईंनी चांगल्या कोपरावर जोर देऊन मान उचललेली, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. त्यांच्या मांडीशी वाकळीवर बोका बसला होता. त्याच्या तोंडातून शेपटी लोंबत होती. ती हळूहळू आत गेली.

"भर उजेडात आला गं, खोलीच्या मधूमध. ह्यानं एका पंजात दाबला. म्या म्हनलं खा बाळा, खा. समदा खाल्ला बघ. आता बोलव त्या मावशीला!"

औषध खाल्लेला उंदीर तहानेनं बाहेर येतो. उजेडाला भीत नाही, झिंगल्यासारखा चालतो. हे मला माहेरापासून माहीत आहे. बोक्याला पळता उंदीर कधीच धरता आला नसता. हा पळत नव्हता.

मी बोक्याला उचलून अंगणात नेलं, मिठाचं पाणी पाजलं. त्यानं माझे हात ओरबाडले, पण उलटी केली नाही. मालकांना मोबाईल लावला. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला विचारून परत लावला. मालकांना गाडी घेऊन यायला वेळ लागणार होता, आणि डॉक्टर म्हणाले होते की खाल्लं असेल तर फार हातात नाही. दिवस मावळायच्या आत बोका तोंडातून फेस काढत ओसरीवर फिरायला लागला. भिंतीला धडकायचा. एक आवाज काढत होता, तो मांजराचा वाटत नव्हता. आत आत्याबाई ऐकत होत्या. पांढरी उंबऱ्यावर बसून बघत होती.

आवाज बंद झाल्यावर मी आत गेले.

"ग्येला?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"त्यो उंदीर जेवलेला हुता न्हवं?"

"व्हय."

त्या म्हणाल्या, "मीच म्हनले खा." मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, नुसती मान वळवली.

मालकांनी मीठ घालून त्याला शेवग्याखाली पुरलं. मावशी आल्या तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही. जाताना हळूच काशीचं बोलल्या. आत्याबाई म्हणाल्या, "जाईन की. पायात जीव आला म्हंजी जाईन."

उंदीर थोडे दिवस गेले. मग नवी बाजरी घरात आली आणि तेही आले. मालकांनी पुन्हा पाकीट आणलं. आत्याबाईंनी सरळ मोठ्यानं, विषाचं नाव घेऊन, सांगितलं, "ईख घरात आनायचं न्हाई."

"आई, पांढरीला बांधू ना."

"न्हाई म्हनले."

"मंग पाय ग्येला म्हंजी? डाक्टर काय म्हनला ठावं हाय का तुला?"

"ठावं हाय. तू न्हाई सांगितलं तरी मला कळलं हुतं. माझा पाय हाय. मी बघीन."

मालकांनी सापळे लावले. सापळ्यात एक उंदीर सापडला, बाकीचे शहाणे झाले. उंदीर धरायची चिकटपट्टी लावली तर तिला पांढरी चिकटली. तिच्या पोटाखालचे केस कात्रीनं कापावे लागले. तेव्हा आत्याबाई हसल्या, बऱ्याच दिवसांनी. पण मालक हसले नाहीत. ते वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि बारीक जाळीची एक लांबट पेटी करून आणली, तळ नसलेली, खाटेवर बसेल अशी. संध्याकाळी मी आत्याबाईंचे दोन्ही पाय उशीवर ठेवते, वर पेटी बसवते, कडा दोरीनं खाटेला आवळते. उंदीर घरभर मोकळे आणि पाय पिंजऱ्यात. पांढरी पेटीवर चढून बसते. खालून उंदीर जातो, ती त्याच्याकडं बघते आणि डोळे मिटते. तिला रागवावंसं मला वाटत नाही.

पेटीमुळं उंदीर पायाला लागला नाही. एकदाही नाही. रोज सकाळी दोरी सोडून मी दोन्ही पावलं उजेडात धरून बघते, बोटांच्या बेचक्यांत, टाचेखाली. काल सकाळी अंगठा काढला त्या जागेच्या कडेला काळं दिसलं. मला वाटलं मळ आहे, ओल्या फडक्यानं पुसलं. गेलं नाही. आज ते पुढच्या बोटापर्यंत आलं आहे आणि वास येतो. हे उंदराचं नाही. हे आतून आलेलं आहे.

आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"दात उमटल्यात का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"मंग?"

मला खोटं बोलायला येत नाही आणि खरं बोलायलाही येत नाही. मी पाऊल हातात धरून बसले. त्यांनी वास घेतला. चटका बसल्यावर घ्यायच्या तसाच.

मालकांनी उद्याची गाडी सांगितली आहे. मी आत्याबाईंचे कपडे, औषधं, ताट-तांब्या पिशवीत भरते आहे. आत्याबाई खाटेवरून सूचना देत आहेत, नगरला किती दिवस लागतील सांगता येत नाही म्हणून. मावशीला सांग, म्हणतात, पांढरीला दूध कोमट करून घालायचं, गार पीत न्हाई ती. आणि कुणाचं ऐकून उपाशी ठेवायचं न्हाई.