हेडिंगवाल्या मॅडम

आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से गच्चीवरच्या कपड्यांसारखे साठतात. आपला एक काढायला जावं, तर शेजारणीचे दोन हातात येतात. घडी घालताना कळतं, अर्धे ओलेच आहेत.

लातुरातली ही बिल्डिंग सगळी आयांची. नवरे गावाकडे, आणि आम्ही लेकरांच्या शिक्षणासाठी एकेक खोली घेऊन इथं. बहुतेकींची लेकरं अकरावी-बारावीची, डॉक्टर व्हायला निघालेली. माझी श्रेया तिसरीत! तिला हिमायतनगरहून, आजी-आबांच्या मांडीवरून उचलून आणायचा हट्ट माझा एकटीचा. नवरा एवढंच म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. नाही रमली तर घेऊन ये."

तेव्हापासून मी रोज फोनवर सांगते, "रमली."

*

समोरच्या खोलीत रेणापूरच्या सुनीताताई. त्यांचा धाकटा ओम श्रेयाच्याच वर्गात. शाळेत इंग्रजी निबंधाच्या शीर्षकालाही मार्क असतात, हे कळल्यावर ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमी इंग्लिशमधी एम. ए. हाव म्हणं! आमच्या ओम्याला तेवढं हेडिंग शिकवा. बाकीचं त्यो पाठ करतंय."

ओमच्या मागोमाग आणखी चार-पाच पोरं आली. पॅसेजमध्ये चटई पडली, आणि मी झाले 'हेडिंगवाल्या मॅडम'. एम. ए.चा एवढा उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं!

*

पहिल्याच दिवशी ओमने विचारलं, "मॅडम, मराठीत समदे अक्षरं सारखेच. इंग्रजीतच का लहान-मोठे?"

मी घाबरले की फार बोलते. म्हटलं, "शीर्षकात महत्त्वाच्या शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल काढायचं. 'ऑफ', 'अँड', 'द' असले बारके शब्द लहानच ठेवायचे. पण 'द' अगदी सुरुवातीला आला, तर त्याचंही कॅपिटल."

ओमने जरा विचार केला. "मंजी लग्नातल्यावानी! पुढच्या सोफ्यावर बसला की कुणी बी मोठा!"

सगळी पोरं हसली. श्रेया हसली नाही. ती मागे बसून भिंतीचा पोपडा काढत होती.

*

"हेडिंग मधोमध, खाली पट्टीने रेघ, मग एक ओळ सोडा," एवढंच मी सांगितलं होतं. शाळेत गाईवर निबंध आला. ओमने हेडिंगला दोन रेघा मारल्या, चौकट काढली, चौकटीला वेल, वेलीला फुलं. वेळ संपली!

बाईंनी विचारलं, "अरे, गाय कुठाय?"

"हेडिंगच्या मागं बांधलीय, बाई!"

सुनीताताईंनी त्याला बदडलं, आणि मग माझ्याकडे येऊन स्वतःच रडत बसल्या. "ह्याच्या बापाला काय सांगू, मॅडम?"

मी चहा ठेवला.

*

एकदा श्रेयाने चटईवर ओमला सहज विचारलं, "काय करून राहिला रे तू?"

आमच्या हिमायतनगरकडे, विदर्भाच्या शिवेला, असंच बोलतात. लातूरच्या पोरांना मात्र खेळणंच मिळालं. "काय करून राहिली? जेवून राहिली? मुतून राहिली?"

मी सगळ्यांना दटावलं. मॅडमसारखं, चांगलं कडक. तेवढ्यात कुणीतरी वही पुढे केली, मी ती तपासायला घेतली, आणि श्रेयाला जवळ घ्यायचं राहून गेलं.

आता ती वर्गात बोलत नाही. पप्पांचा व्हिडिओ कॉल येतो, "काय करून राहिली बेटा?" ती आधी उठून दार लावते. मग उत्तर देते.

*

पालकसभेत बाई म्हणाल्या, "निबंध छान लिहिते हो तुमची मुलगी. फक्त हेडिंगची जागा कोरी सोडते. तुम्ही घरी हेच शिकवता ना?"

त्या हसल्या. मीही हसले. बाहेर आले, तर एवढ्या चपलांमध्ये मला माझीच चप्पल ओळखू येईना!

घरी विचारलं, "हेडिंग का नाही लिहिलंस गं?"

"लिहीन ना नंतर."

त्या दिवशीही मी फोनवर "रमली" म्हणाले. जरा जास्तच जोरात.

*

दिवाळी तोंडावर आली. पोरांचं लक्ष लागेना. म्हटलं, "दारावरची पाटीही हेडिंगच असते. आपापल्या घराची पाटी करा. नावं मधोमध, कॅपिटल विसरायचं नाही."

बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. ओमने वेलफुलांसकट पाटी करून दाराला लावलीसुद्धा. सुनीताताईंनी तिला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं!

श्रेयाची पाटी सगळ्यांत देखणी. पट्टीने आखलेली, एकेक अक्षर सरळ. मी इतकी हरखले, की न वाचताच चिकटपट्टी घेऊन आमच्या दाराकडे धावले.

"इथं नको लावू," ती म्हणाली. "ती आपल्या घराची हाय. हिमायतनगरच्या."

मग मी वाचली. आबा. आजी. पप्पा. श्रेया. कॅपिटल एकही चुकलं नव्हतं.

"आणि मी गं?"

तिने स्केचपेनला टोपण लावलं. चटईवरची पोरं "मॅडम, माझी बघा, मॅडम, माझी" करत पाट्या नाचवत होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू कशी येशील, मम्मी? तुझे लेकरं इथं हायेत ना."