मढला पाठवलेली फुलं

फुलवाल्याची चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती मी कितीतरी वर्षं त्याच्या नावावर खपवली. सासरी, घरी, जिथे जिथे विषय निघाला तिथे माझं उत्तर ठरलेलं असायचं: गौरी-गणपतीची गर्दी होती, पुड्यांची अदलाबदल झाली, त्या बिचाऱ्याचाही नाइलाज झाला. 'बिचाऱ्याचाही' हा शब्द मी मुद्दाम घालायचो. त्याने खोटं खरं वाटायचं.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी जुन्नरला एका ऑफिसात कारकून होतो. आमचं मूळ घर पिंपळवंडीचं, बागायती जमीन, त्यामुळे थोडी गुर्मी घरातच मुरलेली. बायको मढची. तालुक्याच्या पार पश्चिमेला, माळशेजच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीतलं गाव. भात आणि नाचणीवर जगणारी माणसं. आमच्या बाजूला त्या गावाच्या नावावरून एक फुकटचा विनोद चालायचा. मढ म्हणायचं सोडून मढं म्हणायचं.

"पावणं कुठले?"

"मढ्याचे."

"मग चहा कशाला, खांद्याला चार जण बोलवा की!"

माझं लग्न ठरलं तेव्हा हा विनोद आपोआप माझ्या वाट्याला आला. आधी मी चिडायचो. मग लक्षात आलं, आपणच आधी केला तर दुसऱ्याला करायला उरत नाही. आणि लोक हसले की बरंही वाटायचं. लग्नानंतर एकदा पिंपळवंडीच्या घरात, सगळे जेवायला बसलेले असताना, मी तो बायकोसमोर केला. तीही सगळ्यांबरोबर हसली. नंतर भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "माझे आईबाप राहतात हो तिथं. जिवंत आहेत."

मी बरं म्हणालो. घरात पाळलं. ऑफिसात पाळलं नाही.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली आणि सासूबाईंनी तिचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. मेहुणा बाजाराला जुन्नरला आला होता, तो निरोप घेऊन माझ्याकडे आला.

"ताईनं सांगितलंय, फुलांची वाडी आणा. दुसरं काय बी नको म्हन्ली."

फुलांची वाडी म्हणजे फुलांचे दागिने. गुलछडीच्या कळ्या ओवून केलेला मुकुट, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. माझ्या चुलत बहिणीचा तसा फोटो आमच्या घरात होता आणि बायको तो हातात घेऊन बराच वेळ बघत बसलेली मी पाहिली होती. त्यांच्या घरात तोवर हे कुणी केलं नव्हतं. हिरवी साडी, चुडा, ओटी आणि गोडाचं जेवण, एवढंच असायचं.

"लई जणींना सांगून बसलीया," मेहुणा हसत म्हणाला. "तवा भाऊजी, तुमी स्वतः घेऊन या. तुमी दिसला न्हाई तर मला घरात घ्यायची न्हाई ती."

"येणार म्हणजे येणार," मी म्हणालो.

गेलो नाही. कारण सांगायलाही लाज वाटते. रजा मागायची तर साहेबांना सांगावं लागलं असतं की बायकोच्या डोहाळजेवणाला जायचंय, आणि ते बाकीच्यांनी ऐकलं असतं. त्यांची थट्टा मला नको होती. म्हणून मी सकाळी स्टँडवर जाऊन मढकडे जाणाऱ्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. बाजारातल्या फुलवाल्याकडून पुडा उचलायचा आणि मढला मेहुण्याच्या हाती द्यायचा, असं ठरवलं. तो ओळखीचा होता, लगेच हो म्हणाला. फुलवाल्याकडे स्वतः जायला तेवढाच वेळ लागला असता. पण ऑफिसला उशीर होईल म्हणून मी तेही टाळलं.

फुलवाल्याकडे फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात होता. मी ऑफिसातून तिथे फोन लावून नाव सांगितलं आणि फुलांसाठी निरोप द्यायचाय म्हणालो. आजूबाजूला तिघेचौघे होतेच.

"सकाळी सकाळी फुलं कुणाला, राव?" एकाने विचारलं.

मी त्याच्याकडे बघून डोळा मारला आणि फोनमध्ये म्हणालो, "शेजारच्या फुलवाल्याला एवढं सांगा, मढ्यासाठी फुलं पाहिजेत. सगळा साज करायचा, कमी काही पडू द्यायचं नाही. दुपारी एसटीचा कंडक्टर येऊन नेईल."

इकडे सगळे खो खो हसले. "खांदेकरी पाठवू का दोन?" कुणीतरी ओरडलं. तिकडे दुकानदार जरा थांबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं, बरं. सांगतो मी. तुमी काळजी करू नका." मला वाटलं, लाइन खराब आहे. हसण्याच्या नादात 'वाडी' हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही, हेही तेव्हा ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बाजारातून चाललो होतो. फुलवाल्याने मला बघितलं आणि हातातला दोरा खाली ठेवून उठला.

"लई वाईट झालं, भाऊ. कोन व्हतं?"

"कोण होतं म्हणजे?"

"मढ्याची फुलं न्हेली न्हवं दुपारी? मोठा हार केला, झेंडू सुटा दिला, तुळस घातली. गडबडीत तुमच्या ध्यानात न्हाई ऱ्हायचं म्हनून गुलाल-बुक्क्याच्या पुड्या बी टाकल्या आतमदी."

'लांबचे नातेवाईक' असं काहीतरी मी पुटपुटलो. घरी मोटरसायकल उभी होती. तेव्हाच निघालो असतो तर अंधार पडायच्या सुमारास मढला पोचलो असतो. निघालो नाही. घरात बसून काय सांगायचं ते जुळवत राहिलो, आणि रविवारी, ते पाठ झाल्यावर, गेलो.

तिथे काय घडलं ते मेहुण्याकडून कळलं. बायका जमल्या होत्या. पुडा आला म्हणून बायकोने तो कौतुकाने मांडीवरच घेतला आणि सगळ्यांसमोर दोरा सोडला. वरच तुळस. गुलालाची पुडी वाटेत फुटली होती, तो तिच्या हिरव्या साडीवर सांडला. एक म्हातारी बोलून गेली, "अगं बया, ह्ये तर मढ्याचं सामान!"

सासूबाईंनी पुढे होऊन सगळं गोळा केलं. "देवाची हायत ती," त्या म्हणाल्या. "जावयानं गावदेवाला धाडल्यात. पोरीची मागच्या गाडीनं येत्यात."

मग त्या मागच्या गाडीची वाट बघितली गेली. ती आली, रिकामी गेली. बायकोला फुलांशिवायच पाटावर बसवलं.

मी पुड्यांच्या अदलाबदलीची हकिगत सांगितली. सासरे मान हलवत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "व्हती मानसाकडून चुकी. चा घ्या, पावणं." बायको मला घरामागच्या परड्यात एकटी भेटली तेव्हा तिने एकच विचारलं.

"फोनवर तुम्ही मढ म्हणालात, की मढं?"

"मढ," मी म्हणालो. "मढच म्हणालो."

"मग त्याचीच चूक," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दोन महिने सासूबाई रोज देवीपुढे दिवा लावत होत्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. मेहुणा मात्र एका बाजाराच्या दिवशी फुलवाल्याला चार लोकांत नको नको ते बोलून आला. मी त्याला अडवलं नाही. त्यानंतर फुलवाला मला बघून मान हलवायचा, पण पूर्वीसारखी हाक मारली नाही.

मुलगी चौथीत असताना एके दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढताच चुलीशी गेली. "आई, तुझ्या गावाचं नाव मढं आहे का गं? वर्गात सगळे हसले."

बायको भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "बाबांना विचार. त्यांना बरोबर माहीत आहे."

मुलगी खेळायला गेल्यावर मी तिथेच, उंबऱ्यावर बसून सांगितलं. फोन, ऑफिसातली माणसं, डोळा मारणं, सगळं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "त्याच रविवारी कळलं. एवढं स्वच्छ मढ तुम्ही कधी म्हणतच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." भाकरी तव्यावर टाकून तिने तिच्यावर पाणी फिरवलं. "आई त्या दिवशी मलाच बोलली. आपल्यात नसलेली हौस केलीस, म्हणून देवानं दाखवलं म्हणाली. अजूनही कुणाचं डोहाळजेवण निघालं की माझ्याकडे बघते. मला नका काही म्हणू. तिला सांगा."

पुढच्या रविवारी आम्ही मढला गेलो. जाताना बाजारात थांबून फुलवाल्याला खरं काय ते सांगितलं. तो हार ओवता ओवता म्हणाला, "मला काय, मी धंद्याचा मानूस. पर तुमचा मेव्हना लई बोलला व्हता, राव." एवढंच. मला आणखी ऐकून घ्यायचं होतं, पण त्याने गिऱ्हाईक घेतलं.

सासूबाई ओसरीवर सूप घेऊन नाचणी पाखडत होत्या. मेहुणा खांबाला टेकून बसला होता. मी चहा नको म्हणालो, तसं त्यांनी सूप खाली ठेवलं.

"का वो, पावणं? बरं हाय न्हवं समदं?"

वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. बायको माझ्या मागे उभी होती, ती काही बोलणार नव्हती. मी खाली, त्यांच्या समोर बसलो.

"आई," मी म्हणालो, "त्या वेळची फुलं फुलवाल्यानं चुकवली नव्हती. चार माणसांना हसवायला मी तुमच्या गावाला मढं म्हणालो, म्हणून तसली फुलं आली. तुमच्या मुलीनं वाडी मागितली यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं माझं. मी तुमची माफी मागायला आलोय."