चावीच्या फ्लॉपीवरचं कुंकू

वाडीला, अमरावती रस्त्यावर, मनोहररावांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं आणि त्याच्या ऑफिसात चंद्रभान भोयर हा कारकून होता. म्हणायला कारकून, पण त्याच्याजवळ पाच मिनिटं टेकलेला माणूस कॉम्प्युटरवरचं प्रवचन ऐकल्याशिवाय उठत नसे. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून मालकांनी चार वर्षांपूर्वी एक मशीन उचललं होतं. हिरव्या अक्षरांचं, सीपीएम नावाच्या जुन्या प्रणालीवर चालणारं. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. चंद्रभानने डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याचं इंग्रजी पुस्तक वाचलं आणि ते सुरू केलं. मग बिल्टी, म्हणजे मालासोबत ट्रकमधून जाणारा कागद, छापायचा प्रोग्राम दोन वर्षं खपून स्वतः लिहिला. शेजारच्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनी मागितला, तर त्यांना कॉपी काढून दिली आणि बदल्यात एकेक कट चहा घेतला.

त्याची मतं दगडासारखी पक्की. चौसष्ट किलोबाइटच्या मेमरीत ज्याचा संसार होत नाही, त्याला दहापट जागा दिली तरी तो पसाराच मांडणार, असं तो डॉस या नव्या प्रणालीबद्दल म्हणे. समोरच्याला किलोबाइट कळो न कळो, मान डोलवावीच लागे.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याआधी मालकांनी नवं मशीन आणलं, डॉसवालं. सोबत बिल्टीचा विकतचा प्रोग्राम. त्याची किंमत चंद्रभानच्या अकरा महिन्यांच्या पगाराएवढी होती. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वर अट अशी की त्या प्रोग्रामची एक चावीची फ्लॉपी रोज मशीनमध्ये घालायची, तरच तो चालणार, आणि तिची कॉपी निघत नाही. ज्या वस्तूची कॉपी आपल्याला काढता येत नाही ती आपण विकत घेतलेलीच नाही, भाड्याने आणली आहे, असं चंद्रभानने मालकांना सुनावलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की दसरा झाला की जुनं मशीन इतवारीच्या भंगारवाल्याकडे जाईल. मी घरी नेतो, म्हणून चंद्रभानने हात जोडले. पण त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत, ते नोकराच्या घरी जाणार नाही, असं मालक म्हणाले. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दसऱ्याला गोदामातल्या सगळ्या अवजारांची पूजा होई. ट्रक, वजनाचा काटा, टाइपरायटर, कॉम्प्युटर. पूजेचं ताट कुसुमताईंकडे असे. झाडलोट आणि चहा करत त्यांची वीस वर्षं तिथंच गेली होती. त्या ताट घेऊन येण्याआधी चंद्रभान दरवर्षी सगळ्या फ्लॉप्या कपाटात टाकून कुलूप लावायचा. फ्लॉपीच्या पाकिटाला लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली काळी चकती दिसते आणि तिथं बोट लागलं तरी फ्लॉपी बाद होते. हे ऑफिसात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी त्याने कपाट उघडलं नाही. चावीची फ्लॉपी टेबलावर उघडीच होती.

कुसुमताईंनी नव्या मशीनला टिळा लावला, झेंडू ठेवला. मग त्यांना फ्लॉपी दिसली. रोज सकाळी मालक हीच आत घालतात आणि मग मशीन जागं होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे जीव हिच्यातच. त्यांनी ओली हळद घेतली, कुंकू घेतलं, आणि बोट बरोबर त्या खिडकीतून चकतीवर टेकवलं. वर चार अक्षता टाकल्या आणि हात जोडले. चंद्रभान तीन हातांवर उभा होता. ‘ताई, थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात संत्र्याचे अकरा ट्रक उभे होते, दिल्लीकडे जाणारे. मालकांनी घाईत, न पाहताच फ्लॉपी घातली. मशीन खरखरलं आणि गप्प झालं. पुन्हा घातली, पुन्हा तेच. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. संत्री उन्हात तापत होती आणि मालकांच्या मानेवरची शीर फुगली होती. चंद्रभानने कुणाला न विचारता जुन्या मशीनचं बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली. पहिली बिल्टी छापून निघाली, मग दुसरी. अकरावा ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “हे मशीन आता कुठंच जात नाही.”

चंद्रभानला असा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मग मालकांनी फ्लॉपी उजेडात धरली. खिडकीतला वाळलेला लाल डाग आंधळ्यालाही दिसला असता. कुसुमताईंना बोलावणं गेलं आणि उद्यापासून यायचं नाही, असं मालकांनी तोंडावर सांगितलं. ताईंच्या हातात चहाची किटली तशीच राहिली. त्या मालकांकडे नाही, चंद्रभानकडे वळल्या.

“मी तं भलं व्हावं म्हणून लावलं गा, भाऊ. तू होता ना तिथं.”

त्या त्याला दोष देत नव्हत्या. साक्ष मागत होत्या. तो भला माणूस आहे, तो आपली बाजू सांगेल, याची त्यांना खात्री होती. चंद्रभानने जुन्या मशीनकडे पाहिलं. ते अजून गुणगुणत होतं. गप्प राहिलं तर ते आपलं आणि बोललं तर गेलं, हे त्याला पुरतं कळलं होतं.

“मालक, ताईची गलती नाही,” तो म्हणाला. “मले सारं दिसून राहिलं होतं. मी रोकलं नाही.”

“काहून?”

“हे मशीन जाऊ नये म्हणून.”

मालक एवढंच म्हणाले की बाई राहील. चंद्रभानलाही काढलं नाही. बिल्ट्या छापायला दुसरं होतं कोण? पण नवी चावीची फ्लॉपी आली त्याच दिवशी इतवारीहून हातगाडी आली. जुनं मशीन त्याने स्वतः उचलून गाडीवर ठेवलं आणि त्याच्यावर पोतं टाकलं.

पुढच्या दसऱ्याला त्याने सकाळीच फ्लॉप्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं. कुसुमताई ताट घेऊन आल्या. काट्याजवळ थांबल्या, टाइपरायटरजवळ थांबल्या, जुन्या मशीनच्या रिकाम्या टेबलाजवळसुद्धा थांबल्या. कुंकवाचं बोट वर धरून प्रत्येक ठिकाणी त्याला विचारत होत्या, “इथं लावू का, साहेब?”

वर्षभरात त्या त्याला एकदाही भाऊ म्हणाल्या नव्हत्या.