वेलिंग्टनच्या वकिलातीतले डिंकाचे लाडू

ऑकलंडमधल्या न्यू लिनच्या घरातून निघतानाच ताईने आइस्क्रीमचा रिकामा डबा डिंकाच्या लाडवांनी भरला आणि पर्समध्ये कोंबला. वेलिंग्टनला विमानातून उतरलो, तर वाऱ्याने माझी टोपी पहिल्याच चौकात उडवली. ती गेली ती गेलीच. ताई पर्स पोटाशी धरून चालत होती.

तिची मुलगी ऋता युरोपातल्या एका छोट्या देशात नोकरी करते. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. इतकी वर्षं न्यूझीलंडमध्ये राहूनही ताईचा पासपोर्ट भारताचाच, त्यामुळे व्हिसासाठी तिला त्या देशाच्या वकिलातीत जातीनं हजर राहायचं होतं. मी पुण्याचा पाहुणा, जुन्या इमारती पाहायला मिळतील म्हणून सोबतीला.

वकिलात म्हणजे एका लोकरीच्या व्यापाऱ्याचं जुनं लाकडी घर निघालं. नक्षीदार कठड्याचा व्हरांडा, दाराला रंगीत काचा, दिवाणखान्यात विटांची शेकोटी. "किया ओरा (नमस्कार)," दारावरचा पहारेकरी म्हणाला. भूकंपाच्या गावात लाकूडच टिकतं, हेही त्यानेच सांगितलं.

"लाडू कशाला आणलेस?" मी विचारलं.

"अरे, कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं का?"

"हे ऑफिस आहे, ताई. आणि डिंकाचे? साहेब काय बाळंत झालाय?"

"गप रे."

जिथे पूर्वी जेवणघर असावं, तिथे आता काचेची खिडकी होती आणि तिच्यामागे व्हिसाचा साहेब. बोटांचे ठसे देऊन झाल्यावर ताईने डबा आत सरकवला. साहेबाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अर्जदारांकडून आम्ही काही घेत नाही."

ताईचा चेहरा उतरला. ही लाच समजली गेली तर?

"मुलीसाठी केलेत," ती कशीबशी म्हणाली. "बाळंतिणीला देतात. त्यातलेच थोडे तुम्हाला."

त्याने डब्याकडे पाहिलं. "मग तिलाच द्या," म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

"व्हिसाला हो म्हणाला बघ!" बाहेर आल्यावर ताई म्हणाली. मला तर त्याने फक्त नियम सांगितल्यासारखं वाटलं होतं. विमानतळावर भूक लागली म्हणून एक लाडू मागितला.

"हात लावू नकोस. साहेबानं तिला द्यायला सांगितलेत."

मी पुण्याला परतलो. इमारती पाहायला गेलो होतो, पण त्या घराचं मला आता शेकोटीपलीकडे फारसं आठवत नाही. मग एके दिवशी फोटो आला. परक्या स्वयंपाकघरात ताई, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, शेजारी तोच डबा. खाली तिने लिहिलं होतं, "चार लाडू साहेबासाठी बाजूला काढलेत. आता मी अर्जदार नाही."