शिंदीच्या चिमण्या

तिनं पानांची विणलेली चिमणी दोन बोटांत धरली होती, शेपटीकडून, हात अंगापासून लांब. सातवीतल्या एका मुलाची आई. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा. माझा कलेचा तास चालू, सगळा वर्ग बसलेला, दारात आमच्या प्रिन्सिपल मॅडम.

"ही शेपटी बघा," ती मॅडमना म्हणाली. "ही केरसुणीची बांधणी आहे. दिवाळीला दारावर घेऊन येतात ना, ती. आम्ही एवढी फी भरतो ती पोरानं यांचं काम शिकावं म्हणून का?"

'यांचं' म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शाळेत माझं आडनाव सगळ्यांना पाठ आहे. तिनं चिमणी टेबलावर टाकली, पर्समधनं सॅनिटायझर काढला, आधी स्वतःच्या हाताला लावला, मग पोराच्या.

खरं सांगते, ती बरोबर बोलत होती. बांधणी केरसुणीचीच होती.

विषय होता, परिसरातल्या वस्तूंपासून हस्तकला. बाकीच्या वर्गांनी दुकानातनं किट आणले. चिकटवलं की झालं, आणि घरी ते आयाच चिकटवतात. मला वाटलं, पोरांची बोटं एकदा तरी कामाला लागू देत. आई मंगळवेढ्याकडं गावात असते, तिला फोन केला. तिनं एस.टी.नं शिंदीची पानं पाठवली आणि बजावलं, "रातभर भिजीव बरं का, न्हायतर कापत्यात. पोरांची बोटं लई नाजूक असत्यात."

भिजवली. पोरांना पान चिरायला, विणायला शिकवलं. पोट जमलं, पंख जमले. शेपटीचं मात्र मी काही ठरवलंच नव्हतं. हातानं आपोआप बांधली. पानं ठोकून सारखी करायची, दोरीचा वेढा घ्यायचा, दोरी पायाच्या अंगठ्यात ताणून गाठ मारायची. वर्गात अंगठा कसा लावणार, म्हणून बेंचच्या पायाला दोरी अडकवली. कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला, रंगसंगती शिकले, पण हाताला बांधणी तीच येते. आईची.

गावच्या शाळेत मी लहान असताना कार्यानुभवाचा तास असायचा. पोरी क्रेप कागदाची फुलं करायच्या. गुरुजी मला कागद द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तू कशाला कागद नासतीस? आईकडनं शाळेला केरसुणी आण. तोच तुझा कार्यानुभव." मी आणायची. त्याच केरसुणीनं वर्ग झाडायची. मार्क चांगले पडायचे.

आम्ही मातंग. गावात मांगच म्हणतात. दिवाळीत आई घरोघर केरसुण्या द्यायला जायची, मी मागं. बायका केरसुणीवर पाणी शिंपडून ती आत न्यायच्या. तिला हळदकुंकू वाहायच्या, लक्ष्मी म्हणून. आई उंबऱ्याच्या बाहेर. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. पुढं वाटायला लागलं, आणि आता वाटून वाटून कंटाळा आलाय.

हो, कंटाळा. चिडायलासुद्धा अंगात जोर लागतो. मी तासिकेवर शिकवते, एका शाळेतनं दुसरीत पळते, संध्याकाळी पाय सुजतात. सॅनिटायझरचा वास नाकात गेला तेव्हा मनात एवढंच आलं, की अजून? अजून किती?

प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "त्या जरा जास्तच बोलल्या," म्हणाल्या. "पण तुम्ही पण विचार करायला हवा होता. शनिवारी प्रदर्शन आहे, ट्रस्टी येणार. चिमण्या काढून टाका, मी किट मागवते. आणि दोन ओळींची माफी लिहून द्या." मग आवाज मऊ केला. "तुमच्या घरचं शाळेत आणू नका. तुमच्याच भल्यासाठी सांगते."

मी मान हलवून बाहेर आले.

घरी जाऊन आईला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "पानं नीट भिजली नव्हती व्हय?" तिला वाटलं, कुणाचं तरी बोट कापलं असणार. चूक आपल्या पानांचीच असणार. मी म्हटलं, तसं काही नाही. तर म्हणे, "मग दे की लिवून माफी. मी जलमभर हात जोडले, माझं काय झिजलं?"

काय झिजलं ते मला माहीत आहे. तिच्या अंगठ्याला दोरीनं घळ पडलीय.

तरी दुसऱ्या दिवशी मी चिमण्या काढायलाच गेले. खिडकीला दोरीवर टांगल्या होत्या. स्टुलावर चढले. पोरं बघत होती. पुढच्या बेंचवरच्या मुलीनं विचारलं, "टीचर, माझी चिमणी मी घरी नेऊ का? का ती पण घाण आहे?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि ती मलाच विचारत होती. माझ्या हातानं ती दोरी सुटली असती, तर तेच तिचं उत्तर झालं असतं. गुरुजींनी मला जे शिकवलं, ते मी अख्ख्या वर्गाला शिकवलं असतं. पगार घेऊन.

मी खाली उतरले. म्हणाले, "घाण नाही. ही केरसुणीची बांधणी आहे. माझी आई केरसुण्या बांधते. आम्ही मातंग. तिच्याकडनं मी शिकले, माझ्याकडनं तुम्ही." कालचा तो मुलगा नख कुरतडत बसला होता, त्यानं वर बघितलं नाही.

तशीच केबिनमध्ये गेले. "माफी लिहिणार नाही," म्हटलं. "चिमण्या शनिवारी लागतील, आणि खाली पाटी लागेल, बांधणी कुणाची ते लिहून."

"मग मला तुमच्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल."

"करा. पण मला कामावरनं तोंडी काढू नका. कागदावर काढा आणि कारण लिहा. केरसुणी लिहा. मांगाची लिहा. खाली सही करा."

कागद अजून आलेला नाही. शनिवार परवा आहे. थकवा आहे तसाच आहे, रात्री पाय तसेच ठणकतात. कागद आला तर तो घेऊन मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाईन, कोर्टात जाईन, तिथून हाकललं तर आणखी वर जाईन. तोवर सातवीचा तास माझा आहे. बांधणी शिकवणार, आणि कुणाची ते दर तासाला सांगणार.