दुसरा भाग त्यांच्याकडे होता

“हात बघू.”

कुणी पुस्तक मागितलं की हे गृहस्थ आधी एवढंच म्हणायचे. आपण हात पुढे करायचे. ते चष्मा कपाळावर चढवून तळवे बघणार, उलटे करून नखं बघणार आणि मग वाकून वास घेणार. पास झालात तर पुस्तक. मी कधी पास झाले नाही.

कशी होणार? तीस वर्षं मी मिरकरवाडा बंदरात मासे विकते. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. आज स्वतःच्या दोन होड्या आहेत आणि घरात पुस्तकांची दोन कपाटं. त्यातलं काहीच मला कुणी वारशात दिलेलं नाही. साबण, लिंबू, चिंच, सगळं लावून झालं, पण हाताचा वास जात नाही. आणि गंमत बघा, हेच गृहस्थ दर शुक्रवारी माझ्याकडूनच सुरमई न्यायचे. माशाचा वास त्यांना ताटात चालायचा, कपाटाजवळ चालत नव्हता.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. कोर्टातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी पुण्यात. घरात हजारभर पुस्तकं. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर आणि पाठीवर नुसता क्रमांक. नाव दिसलं की लोक मागतात, म्हणून नाव नाही. कुठल्या क्रमांकाखाली काय दडलंय ते फक्त त्यांच्या डोक्यात. रविवारी सकाळी त्यांच्या ओटीवर गावातले पाच-सहा वाचणारे जमायचे आणि आपल्या कपाटात काय काय आहे ते एकमेकांना ऐकवायचे. लग्नात बायका दागिने दाखवतात तसे. मला तिथं कुणी कधी बोलावलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती बर्फाच्या पेटीवर. दुपारी गर्दी नव्हती, मी पेटीवर बसून वाचत होते. दोन भागांची जुनी कादंबरी, गलबतांचा व्यापार करणाऱ्या दोन भावांची. पहिला भाग मला रद्दीत सापडला होता. दुसऱ्यासाठी मी मुंबईपर्यंत निरोप धाडले, मिळाला नाही. हे गृहस्थ ताजी आहे का म्हणून सुरमईचा कल्ला उचलून आत बघत होते. तो तसाच धरून त्यांनी माझ्या पुस्तकाकडे पाहिलं.

“पहिला भाग?”

मी म्हटलं, हो.

“दुसरा माझ्याकडे आहे. क्रमांक एकशे चौदा. पहिला कुठंच मिळाला नाही हो.”

सौदा समोर चालत आला की मला कळतं. मी सांगितलं, तुमचा मला द्या, माझा तुम्हाला देते, एकाच वेळी. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, तुमचा भाग मी दोन दिवस उन्हात ठेवून मग वाचीन. माझा मात्र तुम्ही आमच्या ओटीवर बसून वाचा, घरी नेऊ नका. आदल्याच रविवारी बँकेच्या मॅनेजरची बायको त्यांच्या घरून तीन पुस्तकं पिशवीत घालून निघालेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातली सुरमई काढून घेतली. “कल्ला सोडा, साहेब. आधी हात दाखवा.”

बाजूच्या बायका हसायला लागल्या. साहेबांनी खरंच हात पुढे केले. मी वाकून वास घेतला आणि म्हटलं, डांबरगोळ्यांचा वास मारतोय, माझी मासळी खराब होईल. ते सुरमई न घेताच गेले.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. वाचणाऱ्याची भूक वाईट. म्हणाले, पुस्तक राहू दे, गोष्ट तरी सांगा. मग ठरलं. दर शुक्रवारी पहिल्या भागातलं एक प्रकरण मी सांगायचं, दुसऱ्यातलं एक त्यांनी. आधी मी, मग ते. मासे साफ होईपर्यंत. मला गोष्ट पुढून कळत होती, त्यांना मागून. ते सांगायचे छान, हे कबूल करावं लागेल. बांगडे घ्यायला आलेल्या बायका पिशव्या धरून ऐकत उभ्या राहायच्या.

पहिलंच प्रकरण सांगायचं त्या शुक्रवारी ते रविवारच्या मंडळींतल्या एकाला घेऊन आले. माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, “ह्या आमच्या मासेवाल्या. पण वाचतात हो.”

तो ‘पण’ माझ्या अजून घशात आहे. त्या दिवशी माझ्या प्रकरणात थोरला भाऊ वादळातून गलबत परत आणतो. मी सांगितलं, बुडाला. गलबतासकट. मेला.

ते सुरमईकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असं होय. वाईट झालं.” आणि पहिल्यांदाच घासाघीस न करता पैसे देऊन गेले. घरी जाऊन मी सुनेला सांगितलं आणि दोघी पोट धरून हसलो. असल्या माणसाला फसवल्याचं सुख वेगळंच.

मेलेला माणूस परत आणता येत नाही. त्यामुळे पुढचे तीन महिने मला पहिला भाग थोरल्याशिवाय सांगावा लागला. तेही दुसरा भाग सांगत होते: धाकट्यानं एकट्यानं पेढी सावरली, धाकट्यानंच बहिणीचं लग्न लावलं. माझी प्रकरणं संपली. त्यांचं शेवटचं राहिलं होतं. उशीर झालाय, पुढच्या शुक्रवारी सांगतो, म्हणाले.

दोन शुक्रवार आले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी कळलं की गेले.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पुस्तकं न्यायला एका वाचनालयाचा टेम्पो दारात लागला होता. मुलगी पुण्याहून आलेली. मी एकशे चौदा मागितलं. तिनं कपाटाकडे हात केला, घ्या म्हणाली. मी विचारलं, नळ कुठंय?

“आधी कशाला धुताय, मावशी? जुनी पुस्तकं, किती धूळ आहे. काढून झाल्यावर धुवा.”

घरून लिंबू लावून निघाले होते, तरी धुतले.

घरी येऊन पहिलं पान उघडलं. थोरला भाऊ गलबतावरून धक्क्यावर उतरतो. दुसऱ्या पानावर थोरला, दहाव्यावर थोरला. पेढी सावरतो तो थोरला. बहिणीचं लग्न लावतो तो थोरला. धाकटा तर तिसऱ्या प्रकरणातच घर सोडून पळालेला.

म्हणजे मी थोरल्याला मारला त्याच क्षणी ह्या गृहस्थांना कळलं होतं. आणि पुढे दर शुक्रवारी, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून, त्यांनी सगळा दुसरा भाग उसवून धाकट्याच्या अंगाला शिवला. हा कसला मोठेपणा? एकदा म्हणायचं होतं, बाई, खोटं बोलताय. मी भांडले असते, आणि मग खरं सांगितलंही असतं. आता ते गेले पहिला भाग न कळताच. मला ‘हात बघू’ म्हणणारा माणूस, तोंडावर खोटं सांगितलं तर बघायला तयार नाही.

शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचलं. तिथं बोटाशी पान येतं आणि मी पुस्तक मिटते. ठरलं ते ठरलं. सांगायची पाळी त्यांची आहे.