नाव घेऊ का?

नरहरी साळवे यांना माणसांच्या फार चौकशा. चौकशा म्हणजे भोचकपणा नव्हे, असं ते स्वतः म्हणत. त्यांच्या बायकोला, मंगलाला, मात्र हे पटत नसे. बोईसरच्या बाजारात मेथीची जुडी आणायला पाठवावं, तर हा माणूस तासाभरानं परत यायचा. मेथी विसरलेली असायची, पण भाजीवालीची मुलगी नर्सिंगला कुठे लागली, टेम्पोचं भाडं कितीनं वाढलं आणि ताडपत्री कुठे गळते, सगळं पाठ.

"अहो, मेथी?"

"अरेच्चा!" की पुन्हा चपला घालून बाहेर.

या चौकशांमागे एक कारण होतं. नरहरी मूळचे जालन्याकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर लागले आणि इथलेच झाले. नगर-जालन्याकडून अशीच कामाला आलेली कुटुंबं मिळून त्यांची मंडळी, म्हणजे छोटंसं चर्च, उभी राहिली. स्वतःची इमारत नाही. एका चाळीच्या तळमजल्यावर भाड्याचा हॉल, पुढे अंगण, रस्त्याच्या बाजूला खिडक्या. रविवारच्या उपासनेत गायनं झाली की पाळकसाहेबांच्या उपदेशाआधी देशासाठी प्रार्थना असायची आणि ती कित्येक वर्षं नरहरींकडे होती.

आता देशासाठी प्रार्थना म्हणजे काय, हे कुणीही सांगेल. राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, देशात शांती नांदू दे, आमेन. नरहरींना ते पुरेसं वाटत नसे. देश म्हणजे कोण हो? नळाला पाणी सोडतो तो कोण? रात्रपाळीची बस चालवतो तो? त्यांचे उपकार मानायचे तर नावानं मानावेत, नाहीतर मानू नयेत! म्हणून ते आठवडाभर माणसांची चौकशी करत फिरत आणि रविवारी डोळे मिटून एकेकाचं नाव देवापुढे ठेवत. "भाजीवाल्या उषाबाईंची ताडपत्री गळते, बापा, तू जाणतोस." मंडळीतली पोरं खाली मान घालून हसायची. म्हातारी माणसं मात्र म्हणायची, आपला देश काय चीज आहे ते आम्हाला नरहरीच्या प्रार्थनेत कळतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर मंडळीनं नवा स्पीकर आणला.

त्या जुलैत वादळानं झाडं पडली, तारा तुटल्या, बोईसर दोन रात्री अंधारात. महादू वायरमन भर पावसात खांबावर चढून वीज जोडत होता. महादू माकुणसार गावचा. घरची थोडी वाडी, नोकरी वीज खात्यात. नरहरींच्या गल्लीची लाइन त्याच्याकडे, त्यामुळे वर्षानुवर्षांची ओळख. खांबाखाली छत्री धरून उभं राहून नरहरींनी त्याची चौकशी केलीच. त्याच्या हेमालीचं लग्न जवळच्या पाम गावच्या ललितशी ठरत होतं.

रविवारी नव्या स्पीकरवर खणखणीत आवाज गेला, "देवा, आमच्या महादू वायरमनला सांभाळ. खांबावर त्याचा पाय घसरू देऊ नकोस. त्याच्या हेमालीचं लग्न सुखरूप पार पडू दे."

समोर रिक्षाची वाट बघत पामची एक बाई उभी होती. तिनं हे ऐकलं. रिक्षा पामला पोचेपर्यंत गोष्टीला पाय फुटले आणि संध्याकाळी ललितच्या घरी बातमी पोचली ती अशी, की महादूचं अख्खं घर ख्रिस्ती झालं आणि हेमालीचं लग्न चर्चमध्ये लागणार. आता बोला!

मंगळवारी महादू नरहरींच्या दारात आला. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काका, मी तुमचं काय वाकडं केलं होतं? पामवाल्यांनी साखरपुडा थांबवला. पोरगी दोन दिवस जेवली नाय. माझं नाव काढा तुमच्या त्या प्रार्थनेतनं!"

नरहरी उभेच राहिले. "अरे, मी तुझ्या भल्यासाठीच…"

"माझं भलं मी बघीन." आणि तो गेलाही.

हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. हॉलचा मालक आधीच कुरकुरत होता. उद्या कुणी तक्रार केली तर मंडळीनं बसायचं कुठे? त्यांनी नरहरींना समजावलं, "नावं नकोत आता. सर्व कामगार म्हणा, सर्व शेतकरी म्हणा. देवाला कळतं सगळं."

पुढच्या रविवारी नरहरी सर्व कामगार म्हणाले, सर्व शेतकरी म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचेना. आमेन इतक्या लवकर आलं की पेटीवाला दचकला. घरी येऊन ते जेवले नाहीत. देवानं दिलेलं एकच काम आपल्याकडे होतं, तेही गेलं, आणि वर एका पोरीचं लग्न मोडायला आपण कारण झालो. त्यांना खरोखर रडू आलं.

मंगलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "एक विचारू? एवढ्या चौकशा करता. बायको कशी, पोरं किती, गुडघा दुखतो का. तुमचं नाव घेऊ का, हे कधी कुणाला विचारलंत?"

नव्हतं विचारलं! उभ्या जन्मात नव्हतं. चांगल्या कामाला परवानगी कसली, हेच मनात.

दुसऱ्या दिवशी ते महादूच्या दारात. "चुकलो मी. पामला मला घेऊन चल. जे केलं ते मीच सांगतो."

"तुमी आलात तर आणखी पेटेल."

"आणि नाही आलो तर?"

महादूनं मोटरसायकल काढली.

पामला ललितच्या घरी शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा, येसूबाईंचा. ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या. नरहरींचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि अडकित्ता खाली ठेवला. "काय म्हणालात तुमी देवाला, ते म्हणा बघू. हितंच."

नरहरी गडबडले. दुसऱ्याच्या ओटीवर, सांगितली म्हणून प्रार्थना? "मावशी, डोळे मिटले तर चालेल ना?"

"मिटा की. माजी ना नाय."

त्यांनी डोळे मिटले आणि ते शब्द जसेच्या तसे म्हटले. खांब, पाय, हेमाली, लग्न. डोळे उघडले तर येसूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"येवढंच?"

"एवढंच."

"अगो बाय! आनि आमी हितं लगीन मोडायला निघालो!" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पन काय हो, पोरीच्या बापाला न विचारता भोंग्यावर कशाला वरडलात? उद्या मी तुमच्या घरची गोष्ट बाजारात वरडले तर?"

"चुकलंच, मावशी."

"गनपतीच्या आदी साखरपुडा उरकून घेऊ," असं महादूला सांगून येसूबाईंनी अडकित्ता पुन्हा उचलला.

परत येताना चिकूच्या वाड्यांमधून गाडी चालली होती. महादूचा राग गेलेला दिसत होता. नरहरींना राहवलं नाही. मागून त्यांनी विचारलं, "महादू, मग आता नाव घेऊ ना?"

महादूनं गाडी हळू केली. "नको, काका. राग नाय माझा. पण माझी देवी हाय, माझं तिच्याशी चालतं. माझं नाव तिच्याकडंच बरं."

नरहरींना हे लागलं. सगळं निस्तरल्यावरही नको? या माणसासाठी वीज कडाडली की आपण जागे राहायचो, त्याचं काय? घराच्या गेटपाशी उतरताना ते म्हणाले, "बरं. नाही घेणार."

मग मात्र ते नव्यानं चौकशीला निघाले. आता प्रश्न एकच. नाव घेऊ का? उषाबाई म्हणाल्या, "घ्या की! पण माझ्या दिराचं नका घेऊ, तो कामचुकार आहे." कारखान्यातल्या भट्टीवरचा बिहारी बबलू म्हणाला, "चाचा, मेरा नाम लो, और छठ की छुट्टी भी माँग लेना." दोघा-तिघांनी नको म्हटलं. एकानं तर ऐकूनच दार लावलं. नरहरींना आधी वाईट वाटायचं, मग नवल वाटू लागलं. नको म्हणणारा माणूस पुढच्या वेळी रस्त्यात भेटला की आधीपेक्षा मोकळा बोलायचा. हे काय गौडबंगाल, ते त्यांना कळेना. पाळकसाहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. साहेब दाढी खाजवत म्हणाले, "ज्यांनी हो म्हटलंय, तेवढी घ्या. आणि स्पीकर बंद ठेवा."

पंधरा ऑगस्टला अंगणात झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं, मग हॉलमध्ये देशासाठी उपकारस्तुती. नरहरी उभे राहिले. स्वातंत्र्याबद्दल देवाचे आभार मानून एकेक नाव घेत गेले. विजेच्या कामापाशी येताच जीभ सवयीनं "म" वर गेली आणि थांबली. खिडकीबाहेर महादू उभा होता. साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला आला होता आणि कुणीतरी त्याच्या हातात जिलेबीचा कागद दिला होता. नरहरींनी श्वास घेतला आणि पुढचं नाव घेतलं, बबलूचं.

बाहेर आल्यावर महादू म्हणाला, "नाय घेतलंत."

"नाही."

"बरं वाटलं, काका." जिलेबीचा तुकडा मोडत तो जरा घुटमळला. "काकी सांगत होत्या, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन हाय पालघरला. साखरपुड्याआधी आमी एडवणला देवीला जाणार. तुमच्या डोळ्यासाठी नारळ वाढवू? विचारून घेतो, मागाहून भानगड नको."

किती प्रेमानं विचारत होता! हो म्हणावं तर आजोबांपासूनची श्रद्धा आड येत होती आणि नाही म्हणावं तर हा माणूस दुखावणार. त्या गाडीवर महादूला काय वाटलं असेल, ते त्यांना आत्ता कळलं, आणि न विचारता नावं घेऊन इतकी वर्षं आपण कुणाला 'नको' म्हणायची संधीच दिली नव्हती, तेही.

"नको रे, महादू," ते कसेबसे म्हणाले. "राग नाही ना?"

"छे! राग कसला?" महादू म्हणाला आणि उरलेली जिलेबी त्यांच्या हातावर ठेवली. "साखरपुड्याला मात्र यायचंच."

साखरपुड्याला नरहरी आणि मंगलाबाई दोघंही गेले. ऑपरेशनच्या सकाळी पाऊस धो धो पडत होता, रिक्षा मिळेना, मंगलाबाई पिशवी घेऊन दारात ताटकळलेल्या. तेवढ्यात गल्लीत एक गाडी येऊन थांबली. महादूनं पुतण्याची व्हॅन मागून आणली होती. काच खाली करून तो ओरडला, "चला, काका! देवीकडं नाव नाय घेतलं हां तुमचं. गाडी आणलीय."